कानात सांगितलेलं नाव

अहो,

मंडळाच्या अंकात तुमच्यावर दोनशे शब्द छापून येणार आहेत. आपल्या वैजूने लिहून दिले. जन्म मिरजेचा, जर्मनीत फिटर, मग अमेरिकेत एडिसनला मशीन शॉपमध्ये रिटायर होईपर्यंत नोकरी, स्वभाव मनमिळाऊ, मागे पत्नी आणि मुलगी. मला वाचून दाखवलं. मनमिळाऊ सोडून सगळं खरं आहे. पण त्यात तुम्ही कुठे दिसत नाही. कुठल्याही फिटरला ते चिकटवता येईल. मी म्हटलं, त्याच्या खाली माझंही छापा. माझी शाळा चौथीपर्यंत, म्हणून ऱ्हस्व-दीर्घ वैजूच्या मैत्रिणीने बघितलंय. बाकी कशाला हात लावायचा नाही असं सांगून ठेवलंय.

तुम्हाला जाऊन एकोणीस दिवस झाले. बेसमेंटमधला पंप सुरू झाला की अजून मला वाटतं, तुम्ही खाली आहात. ते मोठे हेडफोन कानाला लावून, बॉयलरकडे तोंड करून बसलेले. तुम्हाला वाटायचं, खाली काय चालतं ते हिला कळत नाही. मला कळत होतं. हेडफोनमधून आवाज झिरपतो. कपडे ड्रायरमध्ये टाकायला मी खाली यायची आणि पायरीवरच ऐकू यायचं. धप, धप, धप. कुणी कुणाच्या पाठीत बुक्के घालावेत तसं. मग मी ओले कपडे तसेच घेऊन वर जायची. तुम्ही विचारायचात, "कपडे का गं दमट?" मी म्हणायची, "मशीन जुनं झालंय." आणि तुम्ही ते चांगलं मशीन उघडून बसायचात.

आपलं एक भांडण अर्धं राहिलंय. तेच पुरं करायला बसलेय.

जर्मनीत आपण निळ्या गिरणीत राहायला गेलो ते काही गाण्यासाठी नव्हे. पोटुशी बायको घेऊन आलेल्या काळ्या माणसाला त्या गावात कुणी खोली देईना. त्या पाच बँडवाल्यांनी दिली. ओढ्यावरची जुनी पिठाची गिरणी. खाली त्यांचा बाजा, ढोल आणि पायात अडकणाऱ्या तारा, वर आपण. दारं निळी होती म्हणून बँडचं नावही निळी गिरणी. हल्ली त्यावर पुस्तकात लिहून येतं. परवा समाचाराला आलेल्या एका बाईने मला समजावलं की निळं म्हणजे आकाश आणि गिरणी म्हणजे काळाचं चक्र. मी म्हटलं, बाई, तो रंग शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरचा उरलेला होता.

त्यांचं वाजवणं मला कधी कळलं नाही. एक सूर धरायचा आणि अर्धा तास सोडायचा नाही. मी विचारलं होतं, "अहो, ह्यांना दुसरा सूर येत नाही का?"

"येतो गं. ते वाट बघतात."

"कशाची?"

"ते त्यांनाही माहीत नाही."

तुम्हाला मात्र आवडायचं. कारखान्यातून आलात की आधी खाली, मग वर. बाजा वाजवणाऱ्या डीटरकडे एक लाकडी पेटी होती. तिच्यात भोंगा गरगर फिरायचा म्हणून आवाज लाटेसारखा यायचा. तिचं बेअरिंग दर महिन्याला जायचं आणि तुम्ही ते बसवून द्यायचात. त्या आवाजाला लोक आता काय काय म्हणतात. मला विचाराल तर तो तुमच्या ग्रीसचा आवाज आहे.

आणि ती साखर. आठवतं? मी त्यांच्या डब्यातले चौकोनी खडे चहात टाकणार तेवढ्यात तुम्ही जिन्यावरून ओरडलात, "अगं, ती साखर नव्हे!" मग काय आहे ते सांगताना तुमची त्रेधा उडाली. म्हणालात, "ते खाल्लं की भिंती हलतात." मी म्हटलं, ह्या गिरणीच्या भिंती तशाही हलतात.

बाबू झाला तेव्हा बाहेर पानं गळत होती. बाराव्या दिवशी बारसं करायचंच, हा हट्ट तुमचा. मी म्हटलं, इथे कोण आहे आपलं? आत्या मिरजेला. तुम्ही म्हणालात, "आत्या आहे," आणि रेनाटेला घेऊन आलात. ती त्यांची गाणारी. दारातून वाकून यावं लागेल एवढी उंच, पायात कधी चप्पल नाही. तिला माझी लग्नातली साडी नेसवली तर ती पोटऱ्यांपर्यंतच आली. पाळण्याखालून द्यायला वरवंटा नव्हता, म्हणून तुम्ही कारखान्यातला मोठा पाना टॉवेलात गुंडाळून आणलात. घुगऱ्यांना हरभरे मिळाले नाहीत, मी पांढरे वाल उकडले.

रेनाटेला तुम्ही समजावलंत. बाळाच्या कानाशी तोंड न्यायचं, कुर्रर्र करायचं आणि नाव सांगायचं. आणि बाकीच्यांना समजावलंत की तेवढ्यात आत्याच्या पाठीत बुक्के घालायचे. ढोलवाला क्लाउस म्हणाला, "का?" तुम्ही म्हणालात, "असंच असतं." त्याला तेवढं पुरलं. तो बुक्के घालायला लागला तो थांबेचना. बाकीचे त्याच्या तालात. रेनाटे खोकत होती, हसत होती आणि तरीही कानात नाव सांगत होती. तिला ते आखूड म्हणता येईना, लांबवत राहिली. कोपऱ्यात डीटरचं टेपचं मशीन फिरत होतं. ते दिवसभर फिरतच असायचं. कुणी शिंकलं तरी त्यात भरलं जायचं.

नाव तुमच्या वडिलांचं ठेवलं. सासऱ्यांचं नाव मी तोंडाने घ्यायचं नाही, अशी माझ्यावर शिकवण. तुम्ही म्हणालात, इथे कोण ऐकतंय? मी नाहीच घेतलं. मी त्याला बाबू म्हणायची. मोठा झाला की शाळेत ते नाव लागेलच, असं आपलं ठरलं.

अडीच महिन्यांनी तो गेला. छातीत कफ, बाहेर बर्फ. त्यावर मी याहून जास्त लिहिणार नाही. दवाखान्यातून परत आलो तेव्हा जिन्यातच मी तुम्हाला म्हटलं, "त्याचं नाव परत आपल्या घरात निघायचं नाही." तुम्ही मान हलवलीत.

बर्फ वितळल्यावर त्यांची दुसरी रेकॉर्ड आली. मी वर भाकऱ्या थापत होते. फळ्यांच्या फटीतून खालून आवाज आला. आधी धप, धप, धप. मग रेनाटेचं कुर्रर्र. मग ते नाव, लांबवलेलं, घुमवलेलं, पुन्हा पुन्हा. मी पिठाच्या हातांनी खाली गेले. सगळे मिठी मारायला आले, रेकॉर्ड छान झाली म्हणून. तिचं नावच 'कुर्र' ठेवलं होतं. पाकिटावर त्या पाच जणांच्या कडेला तुम्ही, चापून भांग पाडलेला, हातात पाना.

मी तुम्हाला बाहेर ओढ्यावर नेलं. "तुम्ही दिलंत हे त्यांना?"

"हो."

"मला विचारलं का नाहीत?"

तुम्ही म्हणालात, "बेअरिंग बसवायचंय," आणि आत गेलात.

एवढंच आपलं भांडण. त्याला पन्नासच्या वर वर्षं झाली. उत्तर आलं नाही. आपण इथे आलो, वैजू झाली, घर घेतलं, तुम्ही रिटायर झालात, आणि ओट्याशी उभी असले की मधूनच मला वाटायचं, आता विचारावं. पण विचारायचं तर नाव काढावं लागलं असतं. म्हणून दुसऱ्याच कशावरून तरी भांडायची.

त्या रेकॉर्डने त्यांचं नशीब फळफळलं. तंबूत, कोठारात, मोठ्या मैदानात वाजवत फिरले. तुम्हाला पत्रं यायची, तुम्ही जेवताना वाचून दाखवायचात, माझी मान ताटात. मग तिसरी रेकॉर्ड पडली. क्लाउसने त्या खड्यांपायी डोकं घालवलं आणि पुढे तो गेलाच. रेनाटे नर्स झाली, गाणं सोडलं म्हणजे सोडलं. डीटर लोकांचे पियानो सुरात लावत फिरू लागला. गिरणीही पाडली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. म्हटलं, संपलं.

कुठलं संपतंय. आपले केस पांढरे झाले आणि इथल्या पोरांना ती रेकॉर्ड सापडली. ओक ट्री रोडला मी कोथिंबीर निवडत होते आणि समोर एक मुलगी उभी, छातीवर मोठ्या अक्षरांत कुर्र. माझ्या हातातली जुडी खाली पडली. तिला वाटलं, आजीला चक्कर आली. पाण्याची बाटली दिली तिने मला. तिचं काय चुकलं? पण मी तिच्याकडे बघू शकले नाही.

मग लोक घरी यायला लागले. पाकिटावरचे तुम्ही त्यांना गुरू वाटायचात. एकाने तर पायाला हात लावला. तुम्ही म्हणालात, "मी फिटर आहे." तो म्हणाला, "वॉव." त्याला वाटलं, ह्यात काहीतरी खोल आहे. आपण दोघं त्या दिवशी खूप हसलो. रेकॉर्डवरून आपण एवढंच एकदा हसलो असू.

गेल्या हिवाळ्याआधी तुम्ही म्हणालात, "डीटर येतोय. जर्सी सिटीला कार्यक्रम आहे. चल." मी नाही म्हणणार हे तुम्हाला माहीत होतं. म्हणून आधीच म्हणालात, "दुपारी तीनचा आहे. म्हातारे झालेत, जागवत नाही त्यांना." मी आले. का आले ते मलाही सांगता येत नाही. तुमचा बीपी, तुमचं ड्रायव्हिंग, असं काहीतरी म्हटलं असेन.

हॉल तरुण पोरांनी भरलेला. डीटर आणि एक गिटारवाला तेवढे जुने, बाकी नातवांच्या वयाचे. तासभर तोच एक सूर. मग दिवे मालवले आणि ढोल सुरू झाला. धप, धप, धप. आणि सगळ्या हॉलने, अहो, सगळ्या हॉलने मिळून कुर्रर्र केलं आणि त्याचं नाव घेतलं. डोळे मिटून, हात वर करून. जे नाव मी एकदाही घेतलं नाही, त्याला दूध पाजताना नाही, त्याला खाली ठेवताना नाही, ते ही परकी पोरं घसा फोडून म्हणत होती. मला वाटलं, आता तो उठून बसेल. मला वाटलं, कुणी त्याला झोपू का देत नाही.

मी उठले आणि बाहेर बाकावर जाऊन बसले. तुम्ही पाठोपाठ आलात. कार्यक्रम अर्धा सोडून आलात, हे मी तेव्हा ध्यानात घेतलं नाही.

गाडीने परत निघालो. सिग्नलला थांबल्यावर तुम्ही म्हणालात, "ऐकलंस?"

मी म्हटलं, "सिग्नल लाल आहे."

"दिसतंय मला. मी म्हणतो, ऐकलंस का?"

"गाडीकडे लक्ष द्या."

तुम्ही दिलंत. सिग्नल हिरवा झाला. त्यानंतर तुम्ही तो विषय काढला नाहीत, आणि मग तुम्हीच गेलात.

तेराव्याला दार वाजलं. बाहेर डीटर. तेवढ्यासाठी विमानाने आलेला. हातात फुलं, आणि बूट बाहेर काढायचे हे अजून लक्षात. वैजूने त्याला सोफ्यावर बसवलं. तो तिच्याशी इंग्रजीत बोलला, माझ्याशी जर्मनमध्ये. माझी जर्मन बटाटे आणण्यापुरती. पण तो सावकाश बोलत होता.

म्हणाला, रेकॉर्ड नव्याने काढतायत, सोबत एक पुस्तिका आहे, तिच्यात शब्द छापायचे आहेत. लोकांनी नुसत्या अंदाजाने काय काय लिहिलंय. खरे शब्द कदमबाईंनाच माहीत.

मी म्हटलं, "ते तुम्ही न विचारता घेतलंत. आता कशाला विचारता?"

त्याने कप खाली ठेवला. "कदमसाहेबांनी तुम्हाला सांगितलं नाही?"

"काय?"

मग त्याने सांगितलं. त्यांच्याकडे टेपची रिळं थोडी होती. जुनं पुसून त्यावरच नवं भरायचे. मूल गेल्यावर काही आठवड्यांनी बारशाचं रीळ पुसायची पाळी आली. तुम्ही खाली होतात. तुम्ही म्हणालात, "हे पुसायचं नाही." डीटर म्हणाला, ठेवू, पण गिरणीत ओल आहे, टेपला बुरशी येते, फार टिकणार नाही. तुम्ही विचारलंत, "काय टिकतं?" तो म्हणाला, "रेकॉर्ड. एक फुटली तरी दुसऱ्या कुणाकडे असते." तुम्ही म्हणालात, "मग रेकॉर्ड करा. एकच नग ठेवून चालत नाही."

हे ऐकलं आणि मला तुमचा आवाज कानाशी आल्यासारखा झाला. एकच नग ठेवून चालत नाही. पंपाचा पट्टा दोन, किल्ल्या तीन, बेसमेंटमध्ये बेअरिंगांचे डबे. आयुष्यभर मी त्यावरून तुम्हाला बोलले. घराची वखार केलीत म्हणाले. आणि तुम्ही पोराच्या नावाचे स्पेअर करून जगभर ठेवून आलात.

"आई, व्हॉट इज ही सेइंग?" वैजू विचारत होती. "ट्रान्सलेट कर ना. तू अशी का बसलीयस?"

डीटर माझ्याकडे बघत होता. खोटं सांगणं सोपं होतं. बाबांची आठवण काढतोय म्हटलं असतं तर ती डोळे पुसून आत गेली असती. मी तोंड उघडलं आणि निघालं ते असं, "तुझ्या भावाचं सांगतोय."

"कुठल्या भावाचं?"

"तुझ्या. तुझ्या आधी झालेल्या."

पुढचा अर्धा तास तुम्ही नव्हतात ते बरं. तिला राग इंग्रजीत येतो. "हाऊ कुड यू, आई? बोथ ऑफ यू! मी कॉलेजात असताना ती रेकॉर्ड लावली तर तू प्लग काढून फेकला होतास. मला वाटलं तुला म्युझिक आवडत नाही!" मी म्हटलं, म्युझिक मला आवडतच नाही. मग ती किचनमध्ये गेली, भांडी आपटली आणि सगळ्यांना चहा घेऊन आली. डीटर साखरेच्या भांड्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "घ्या. साधी आहे." तो इतका हसला की रडायलाच लागला. वैजू म्हणाली, "नाऊ व्हॉट?" तेही सांगावं लागलं.

काल मी खाली गेले. तुमच्या खुर्चीत बसले, हेडफोन लावले. वैजूने रेकॉर्डची दुसरी बाजू लावून दिली आणि वर गेली. मी जायला सांगितलं.

बुक्के ओळखीचे होते. रेनाटेही. पण अहो, त्यात एक बाई हसतेय. आधी मला कळेना, ही कोण. रेनाटे नव्हे, ती तर खोकतेय. मग कळलं, मी. मी त्या दिवशी एवढी हसले होते हे मला आठवत नव्हतं. आणि मधे, अगदी बारीक, तुमचा आवाज. त्या जर्मनांना तुम्ही मराठीतून सांगताय, "हळू. हळू मारा रे. आत्या आहे ती." आणि त्याच्याही खाली एक टकटक, ढोलाच्या तालात न बसणारी. मी सुई मागे नेऊन तीनदा ऐकलं. बाबूला उचकी लागली होती. पाणी पाजा कुणीतरी, असं माझ्या तोंडून निघालंही. मग बाजा सुरू होतो आणि ते सगळं त्यात बुडून जातं.

हे तुम्ही इतकी वर्षं एकट्याने ऐकत होतात. मला सांगायला हवं होतं. नाव काढायचं नाही असं मीच म्हटलं होतं, कबूल. पण माझं म्हणणं तुम्ही कधी ऐकलंत? मीठ कमी करा म्हटलं, ऐकलं नाही. शिडीवर चढू नका म्हटलं, ऐकलं नाही. तेवढं एकच ऐकलंत, आणि मरेपर्यंत पाळलंत. त्याबद्दल तुम्हाला माफ करायचं की स्वतःला, हे माझं अजून ठरलेलं नाही.

डीटरने ठेवलेला कागद मी खाली नेला होता. मूळ शब्द, आणि खाली अर्थ. अर्थाच्या जागी लोकांनी लिहिलेलं त्याने मला सांगितलं होतं. कुर्र हा म्हणे जुना मंत्र, आणि पुढचा शब्द म्हणजे ज्याला शेवट नाही असं विश्व. शेवट होता. अडीच महिन्यांत झाला. मी पेन घेतलं आणि अर्थाच्या जागी आधी लिहिलं, मुलाचं नाव.

मग वरच्या ओळीवर अडले. नुसतं नाव कसं लिहायचं? पोर काही अनाथ नव्हतं. बापाचं नाव मधे लागतं. आणि तुमचं नाव मी लग्नात एकदा घेतलं, तेही दार अडवून धरलं होतं म्हणून. इथे दवाखान्यात नवऱ्याचं नाव विचारलं की मी कार्ड पुढे सरकवायची. सासरे, नवरा, मुलगा. तीन माणसं आणि एकाचंही नाव माझ्या तोंडात नाही. माझं अक्षर चौथीतलं, वेळ लागला. पण लिहिलं.

अनंत दत्तात्रय कदम.

बरोबर आलंय का म्हणून वाचून पाहिलं. आधी हळू, कानात सांगतात तसं. मग नीट, मोठ्याने. मग आणखी मोठ्याने.

जिन्याच्या वरून वैजू ओरडली, "आई? कोणाशी बोलतेयस?"

मी म्हटलं, "बोलत नाही गं. हाक मारतेय."